फोन स्वस्तातला आहे, बाबा

माझं मोबाईलचं दुकान आहे. स्वस्तातले फोन विकतो, वापरलेले घेतो, दुरुस्त करून पुन्हा विकतो. बारा वर्षांत 'हा फोन कामाचा नाही' असं मी कुणा गिऱ्हाइकाला म्हणालो नाही. पहिल्यांदा म्हणालो ते माझ्या बापाला, आणि तेही धडधडीत खोटं.

बाबांनी चौतीस वर्षं बस चालवली. गाडीला कधी ओरखडा नाही. निवृत्त झाल्यावर आम्ही विजेवरची गाडी घेतली. तिला किल्ली नाही, फोनच किल्ली. फोन खिशात ठेवून जवळ गेलं की दार उघडतं. चार्जिंग किती उरलंय, गाडी कुठे उभी आहे, सगळं फोनवर दिसतं. जाहिरातीत महागडा फोन दाखवतात. बाबा म्हणाले, "दार उघडायला एवढा फोन? कडी काढायला काय सोन्याचा हात लागतो?"

मग मी दुकानातला सगळ्यात साधा फोन घेतला. त्यातलं नको ते काढून टाकलं, बॅटरी वाचवायची सेटिंग बंद केली. ती चालू असली की असले फोन ॲपला झोपवतात आणि माणूस दारात ताटकळतो. मालक म्हणून खातं माझं, त्यात बाबांचं नाव घातलं. दोन वर्षं तो फोन एकदाही अडला नाही. बाबा येईल त्याला दाखवायचे, "पोराच्या दुकानातला आहे. गाडी ऐकते त्याचं."

गेल्या महिन्यात ते आईला दवाखान्यात सोडून औषधं आणायला गेले, ते परत आलेच नाहीत. मी ॲपवर बघितलं तर गाडीचा ठिपका त्यांच्या जुन्या बस डेपोत. मी पोचलो तेव्हा ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. म्हणाले, "कंडक्टर आला नाही अजून." आई तिकडे चार तास बाकावर.

बाबांना घेऊन दवाखान्यात परतलो. त्यांना तपासून डॉक्टर मला आणि आईला बाजूला घेऊन म्हणाले, गाडी आजपासून बंद. आई म्हणाली, तू सांग. मी म्हटलं, तू सांग. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. शेवटी कुणीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात, गिऱ्हाईक समोर असताना, मी ॲपमधून बाबांचं नाव काढून टाकलं. ॲपने विचारलं, नक्की? मी 'हो' दाबलं आणि त्या बाईंच्या फोनला काच लावून दिली. वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. दाढ काढायच्या आधी सुई मारली की गाल बधिर होतो, तसा मी तेव्हापासून आहे.

आमचं घर दुकानाच्या वर आणि गाडी दुकानासमोर. बाबा थोड्या वेळाने आत आले.

"गाडी उघडत नाही रे."

"फोन स्वस्तातला आहे, बाबा. ॲप नवीन आलंय, त्याला झेपत नाही."

"दोन वर्षं झेपलं की!"

"आता नाही झेपत."

"मग दुसरा दे. हाय काय नि नाय काय!"

दिला. काय करणार? जोडल्यासारखं केलं. त्यानेही उघडली नाही. मग रोज सकाळी काउंटरवरून मला दिसायचं. बाबा गाडीभोवती फिरतायत, फोन या खिशातून त्या खिशात, मध्येच शर्टाला पुसतायत. शेजारच्या शिंप्याने विचारलं, काय झालं हो? तर म्हणाले, "फोन चांगलाय. माझ्याच बोटांना घाम येतो." माझ्या मालाला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून.

आई म्हणाली, "किती दिवस चालवणार हे?"

"दमतील आणि सोडतील."

"चौतीस वर्षं दमले नाहीत ते. खोट्याच्या कपाळी गोटा, लक्षात ठेव."

काल दुपारी बाबा घामाघूम होऊन आले आणि स्टुलावर बसले. पिशवीतून नवाकोरा फोन काढला.

"रागावू नकोस. बाजारातल्या त्याच्याकडून घेतला." तो म्हणजे दुसरा मोबाईलवाला. आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. "तुला दिसू नये म्हणून मागच्या गल्लीने चालत गेलो."

"मग?"

"जुने दोन्हीही दाखवले त्याला. तो म्हणाला, आजोबा, तिन्ही फोन ठणठणीत आहेत. तुमचं नावच काढून टाकलंय मालकाने."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. माझ्या हातात एक उघडलेला फोन होता.

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, मालक माझा मुलगा आहे. काही असलं तर तोंडावर सांगेल, पाठीमागे असलं करणार नाही. तो हसला. मग चार माणसांत त्याला झाडलं मी. नको नको ते बोललो रे."

'बरं केलंत' एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. शब्द ओठांवर आले होते.

"बाबा, तो खरं बोलला. मीच काढलं."

"कधी?"

"दवाखान्याच्या दुसऱ्या दिवशी."

"कुठला दवाखाना?"

मग सगळं सांगावं लागलं. डेपो, चार तास, आई बाकावर. फोनमध्ये काय बिघडलंय ते गिऱ्हाइकाला सांगतो, त्याच आवाजात सांगितलं. दुसरा आवाज येतच नव्हता. गिऱ्हाइकं कव्हरं बघण्यात गुंग असल्याचं दाखवत होती.

"ही मला काही बोलली नाही," बाबा म्हणाले.

"नाही बोलली."

त्यांनी तिन्ही फोन काउंटरवर ठेवले, एकाला एक लावून.

"त्या माणसाची माफी मागायला हवी," ते म्हणाले. "आता पाय चालत नाहीत माझे. तू सोड मला."

मी शटर अर्धं ओढलं. गाडी माझ्या फोनने उघडली. बाबा सवयीने स्टिअरिंगच्या बाजूला गेले, दाराला हात लावला आणि थांबले. मग ते गाडीला पुढून वळसा घालून पलीकडच्या दाराने आत बसले. मी गाडी सुरू केली, तरी त्यांचा हात खांद्याशी काहीतरी चाचपडत होता.

"इकडे पट्टा कुठल्या बाजूला असतो रे?" त्यांनी विचारलं.

मी वाकून लावून दिला.