उलटी बसणारी कमान

मित्रांनो, मी एक जुनी शिंगाची कमान आहे. कमान म्हणजे धनुष्य. माझा जीव गेला तो अर्ध्या मिशीच्या पैजेपायी. हसू नका. बरं, हसा थोडं. मीही जन्मभर लोकांना हसलेय.

दसऱ्याची सकाळ होती. दिल्लीच्या मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत सुमित्राकाकूंनी मला शस्त्रपूजेसाठी खाली मंडपात आणलं, पाटावर ठेवलं, गंध लावलं आणि कापूर विसरला म्हणून त्या परत वर गेल्या. तेवढ्यात शेजारचे राजाभाऊ आले. सरकारी हापिसात सेक्शन ऑफिसर. मिशी झुपकेदार, आणि बोलणं मिशीहून मोठं.

"उल्हास, दोरी चढवून दाखवू का हिला?" त्यांनी मंडपात फुलं लावणाऱ्या सोसायटीतल्या पोराला विचारलं.

"अरे यार राजाभाऊ, तुमच्याने लोणच्याची बरणी उघडत नाही!"

"लाव पैज. नाही चढवली, तर गेटवर बसून अर्धी मिशी उतरवीन."

"पक्का? आणि चढवलीत तर माझी!"

सगळा मंडप हसला. मीपण मनात हसले. माझी खोडी त्यांना कुठे ठाऊक होती!

ती खोडी माझ्या जन्मातलीच. स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं झाली होती. जुन्या दिल्लीतल्या एका गल्लीत नियाज उस्तादांनी मला घडवलं. त्यांचे भाऊ फाळणीत लाहोरला गेले होते. कमाना कोणी घेईना, म्हणून उस्ताद पतंग करून पोट भरायचे. माझ्या मधे लाकूड, पोटाकडे, म्हणजे बाण सोडणाऱ्याच्या बाजूला, म्हशीचं शिंग, पाठीवर जनावराच्या शिरा, कुटून कुटून धाग्यासारख्या केलेल्या. हे सगळं सरसाने चिकटवलं. मग मला पाठीकडे वाकवून बांधलं आणि वर्षभर कोरड्या खोलीत वाळवलं. म्हणून दोरी काढली की मी उलटी वळून बसते. दोरी चढवायची तर आधी मला थोडी ऊब द्यायची, मग त्या वळणाच्या विरुद्ध वाकवायचं. शिंग दाबलेलं सोसतं. ताणलं की तडकतं.

मला घेतलं सुभेदार बळवंतांनी. छावणीतले पैलवान मला हातात घेत आणि दिसतं त्याच वळणाने वाकवायला जात. सुभेदार झटकन मनगट धरत, "थांब गड्या, तिकडून नाही!" मग त्यांची बारा वर्षांची मुलगी सुमित्रा मला शेगडीशी शेकायची, गुडघा लावायची आणि टचकन दोरी चढवायची. पैलवान जमिनीकडे बघत. काय मजा यायची! आज कळतं, माझ्या खोडीची मजा होती ती 'थांब' म्हणणारा माणूस जवळ होता म्हणून.

सुभेदार गेले. सुमित्राची सुमित्राकाकू झाली. फ्लॅटमध्ये मला जागा मिळाली कूलरच्या मागे. दिल्लीचा उन्हाळा, कूलरचा ओलावा. माझा सरस मऊ पडत गेला. काकूंची बोटं संधिवाताने वाकडी झाली. नोएडातला मुलगा म्हणायचा, "आई, शोपीस आहे ते, दे ना कुणाला." काकू दर दसऱ्याला मला पुसताना पुटपुटायच्या, "यंदा कोणी विचारलं ना, तर शिकवीन हो." ते चढवणं त्यांच्याशिवाय कुणालाच येत नव्हतं. त्या गेल्या की ते संपणार होतं. आणि कोणी विचारलं नाही.

राजाभाऊंनीही विचारलं नाही. त्यांनी मला उचललं, पायात अडकवलं आणि दिसतं त्याच वळणाने दाबलं.

काकू जिन्यावरूनच ओरडल्या, "राजाभाऊ, तिकडून नाही! सोडा तिला!"

"टेन्शन नको काकू, बस, झालंच—"

काड्कन आवाज झाला. शिंग मधोमध तडकलं, शिरा सुटून लोंबल्या. मित्रांनो, दुखलं. पण त्याहून वाईट होतं काकूंचं खाली बसणं. त्या माझे तुकडे वेचून पदरात घेत होत्या.

"विचारायचं होतं रे," त्या म्हणाल्या. "दोन मिनिटांत शिकवलं असतं. साठ वर्षं वाट बघत होती ही."

उल्हास हळूच म्हणाला, "जाऊ दे राजाभाऊ, पैज कॅन्सल."

"नाही," राजाभाऊ म्हणाले.

मित्रांनो, तुमच्याही घरात असं काहीतरी कूलरमागे पडलेलं असेल. त्याला हात लावण्याआधी, ते ज्याला येतं त्या माणसाला विचारा. तो माणूस आहे तोवर विचारा.

गेटबाहेर न्हाव्याची खुर्ची होती. सगळी सोसायटी उभी असताना राजाभाऊ तिच्यावर बसले आणि अर्धी मिशी खाली पडली. कोणी हसलं नाही. काकू पदर घट्ट धरून बघत होत्या.

भाजीवाला हातगाडी थांबवून म्हणाला, "अरे साहब, ये क्या हुआ?"

राजाभाऊंनी उघड्या ओठावरून हात फिरवला.

"पूछा नहीं था, भैया."