पंखा फिरतोय ना?

मी पंखा बोलतोय. घराच्या छताला टांगलेला नव्हे. त्याच्याकडे निदान वर मान करून कुणी बघतं तरी. मी एका बुटक्या, लाल, दोनच माणसांच्या स्पोर्ट्स कारच्या नाकाआड, रेडिएटरच्या पाठीला चिकटून बसलेला पंखा. मला घाईने बोलायला हवं, कारण गाड्या तोडून त्यांचे सुटे भाग विकणारा माणूस गॅरेजमध्ये येऊन उभा आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका बाईने मला बोटाने फिरवून पाहिलं, कान लावून ऐकलं आणि खोक्यात घातलं. एवढंच माझं बालपण.

माझं काम साधं आहे. इंजिन तापलं की तापलेलं पाणी रेडिएटरमध्ये येतं. मी समोरच्या जाळीतून बाहेरची हवा आत ओढतो, पाणी निवतं आणि पुन्हा इंजिनाकडे जातं. गाडी भरधाव असली की वारा आपणहून आत घुसतो, तेव्हा मला आराम. सिग्नलला थांबली, चढावर रेंगाळली, की मग माझी परीक्षा. हवा आत ओढणं हाच माझा धर्म, माझी पातीसुद्धा त्याच बेताने वळवलेली आहेत.

पहिला मालक हौशी होता. गाडी चालवायचा कमी, पुसायचा जास्त. त्याच्याकडून आम्ही एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे आलो. बाईंची आई गेल्यापासून घरात त्या आणि त्यांचे वडील, दोघंच. वडिलांची नजर अधू झालेली. घरात दोघं एकमेकांशी जेवणापुरतं बोलायची. गाडीत बसली की मात्र म्हाताऱ्याची जीभ सुटायची. "घे, घे, पुढच्या वळणाला गिअर उतरव! तुझी आई असती तर ओरडली असती," असं म्हणून हसायचा. मग बाईही हसायच्या. मी जाळीआडून ऐकायचो. फार बरं वाटायचं मला.

मग एकदा पुढे उभ्या टेम्पोने मागे येताना आमच्या नाकाला ठोकर दिली. फार काही मोडलं नाही, पण माझ्या दोन्ही वायरी तुटल्या. बाईंनी गाडी इथे, मेस्त्रींच्या गॅरेजमध्ये आणली. मेस्त्री म्हणजे वडिलांच्या जुन्या जीपपासूनचा घरचा माणूस. त्यांच्या हाताला यश आहे असं सगळेच म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण इतक्या वर्षांच्या उष्णतेने माझ्या दोन्ही वायरींचा रंग उडून त्या सारख्याच काळ्या पडल्या होत्या. मेस्त्रींनी क्षणभर डोकं खाजवलं, एक इकडे जोडली, एक तिकडे, आणि मला चालू केलं. मी गरगर फिरलो.

"फिरला!" मेस्त्री म्हणाले, आणि बॉनेट लावून टाकलं.

फिरलो खरा, पण उलटा. वायरींची अदलाबदल झाली होती. तेव्हापासून मी हवा आत ओढत नाही, बाहेर ढकलतो. इंजिनाचा सगळा ताप समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर मारतो. जितका जीव तोडून फिरतो तितकं इंजिन जास्त तापतं. सांगा, असला छळ वैऱ्याच्या तरी वाट्याला यावा का?

मोठ्या रस्त्यावर सगळं ठीक असायचं. सिग्नल लागला की काटा लाल रेघेकडे निघायचा. बाई गाडी परत घेऊन आल्या.

"काका, उभी राहिली की तापते."

"पाण्यात हवा अडकली असेल. पंखा फिरतोय ना?"

"फिरतोय की."

"मग झालं तर."

माणसांची ही एक गंमत आहे. एखादा हलताना दिसला की ती समजतात, काम करतोय. कुठल्या दिशेने हलतोय हे विचारायचं त्यांच्या मनातही येत नाही.

आधी पाणी बदललं. मग पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट काढला. तो बिचारा वेळच्या वेळी उघडत होता, मिटत होता. मग पाण्याचा पंप बदलला. मग एके दिवशी माझा रेडिएटर काढला. आम्ही जन्मभर पाठीला पाठ लावून उन्हाळे काढले होते. मेस्त्रींनी त्याला गॅरेजमागच्या ढिगावर टाकलं तेव्हा मी ओरडून सांगत होतो, "अहो, त्याचा दोष नाही!" पण माझं ओरडणं म्हणजे घरघर. मेस्त्री ती ऐकून म्हणाले, "पंखा मात्र जोरात आहे हं."

सगळ्यांत फक्त माझीच स्तुती झाली. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई एकदा हसून म्हणाल्याही, "काका, माझ्या दवाखान्यात असं केलं असतं तर? दुखरा दात सोडून बाकी सगळे उपटले!" मेस्त्री हसले नाहीत. त्यांना मनापासून लागलं होतं. ते स्टूल घेऊन चालू गाडीसमोर बसले आणि सिगारेट पेटवली. मी सरळ फिरत असतो तर तो धूर जाळीतून आत शिरला असता. मी तो सगळा त्यांच्याच डोळ्यांत फुंकला. वाटलं, आता कळेल, आता तरी कळेल! मेस्त्रींनी डोळे चोळले, "केवढं उकडतंय," म्हणाले आणि स्टूल बाजूला सरकवलं.

शेवटी घात झाला तो चढावर. खूप दिवसांनी बाईंनी वडिलांना फिरायला काढलं होतं. पुढे ट्रकांची रांग, वर ऊन. काटा लाल रेघेवर गेला, बॉनेटमधून वाफ उसळली. गाडी रस्त्याकडेला बंद पडली. सावलीचा पत्ता नाही. बाई मदतीसाठी हात करत होत्या आणि आत म्हातारा घामाने निथळून मान टाकून बसला होता. मग त्याला शुद्ध येईपर्यंत बाईंनी त्याचा हात सोडला नाही. मी बंद होतो. पण माझ्यामुळेच हे झालं, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी बाई मेस्त्रींना म्हणाल्या, "बाबांच्या जिवापेक्षा गाडी मोठी नाही, काका. देऊन टाकू या."

म्हणून आज तो माणूस आला आहे. त्याला इंजिन चालू करून बघायचं होतं. मेस्त्रींनी चालू केलं. निरोप घ्यायला वडीलही आले आहेत. ते चाचपडत पुढे आले आणि त्यांनी माझ्यासमोरच्या जाळीवर हात ठेवला. मी फिरलो. कधी फिरलो नव्हतो इतक्या जोराने फिरलो.

"मेस्त्री," म्हातारा म्हणाला, "हवा बाहेर येतेय हो. गाडी श्वास आत घेते ना? ही तर नुसते उसासे टाकतेय."

"बाबा, हात भाजेल, मागे या," बाई म्हणाल्या.

"तापलेल्या गाडीतून गरमच हवा येणार, आजोबा," तोडणारा माणूस हसला.

मेस्त्री हसले नाहीत. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून जाळीपुढे धरला. रुमाल जाळीला चिकटायला हवा होता. तो फुगून त्यांच्याच छातीशी आला. मेस्त्रींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि रुमालाची घडी करून तो खिशात घातला.

आता इंजिन बंद आहे. बॉनेट उघडं आहे. मेस्त्रींचा हात माझ्या वायरींवर येऊन थांबला आहे.

"काका, किल्ली द्या ना त्यांना," बाई मागून म्हणताहेत. "तुम्ही केलंत तेवढं खूप झालं."

मेस्त्री, ऐका माझं. चढावरचा तो म्हातारा तुमच्या डोळ्यांपुढे उभा आहे, म्हणूनच तुमची जीभ उचलत नाही, हे मला कळतंय. पण तो म्हातारा इथेच उभा आहे, त्याला अजून पुढच्या वळणाचा गिअर सांगायचा आहे. दोन वायरींची अदलाबदल करा आणि मागे वळून एवढंच म्हणा, चूक माझी होती. मला वाचा नाही हो. तुम्ही जोडाल तसा मी फिरेन, पण बोलायचं तुम्हालाच आहे.