मला लागलेलं कुलूप

मित्रांनो, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत नंदिनीताईंचा छोटासा कारखाना आहे. तिथे खिडकीपाशी उभं असलेलं, धातू कापणारं जुनं यंत्र म्हणजे मी. माझा रंग उडाला आहे, दाराची काच धुरकट झाली आहे. पण पोलाद कापताना मी अजूनही केसभर चुकत नाही.

माझा जन्म जपानमधला. मला विकण्याआधी तिथल्या कंपनीच्या माणसांनी ताईंना खूप प्रश्न विचारले. काय बनवणार? कुणासाठी? ताईंना नवल वाटलं. "पंपात पाणी ढकलणारे पंखे बनवणार. त्यात लपवण्यासारखं काय आहे?" त्या म्हणाल्या.

तेव्हा त्या माणसांनी नीट समजावलं. अणूपासून वीज मिळते, कॅन्सरवर उपचार होतात. त्यासाठी एक देश दुसऱ्या देशाला मदत करतो. पण हीच मदत आडवाटेनं गेली, तर तिच्यातून बॉम्बही तयार होऊ शकतो. म्हणून कुणाला काय द्यायचं, याचे जगभर नियम आहेत. आणि जे यंत्र पंख्याचे वळसे कापतं, ते बॉम्बच्या कामातले नाजूक भागही कापू शकतं. त्यामुळे माझ्या पोटात एक कुलूप बसवलं होतं. कंपनीला न विचारता मला हलवलं, की मी बंद.

माझी खरी माया लागली ती गुंडूमामांना. मला चालवणारे कारागीर तेच. सकाळी आले की आधी माझ्या अंगावरचा चुरा झाडायचे, मऊ फडक्यानं पुसायचे आणि म्हणायचे, "चला, लागूया कामाला." माझ्या हातून उतरलेला पंखा ते उजेडात धरून फिरवून बघायचे. त्यांचा चेहरा खुलला, की मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटायचं.

मग तो पुराचा पावसाळा आला. पंचगंगेचं पाणी महामार्गावर चढलं आणि कारखान्याच्या दाराकडे सरकू लागलं. वीज गेली, फोन लागेनात. कंपनीला कळवणार कसं? "आधी ह्याला वाचवूया, ताई. बाकीचं मागनं बघू," मामा म्हणाले. क्रेन आली. मला ट्रकवर चढवून गडमुडशिंगीला मामांच्या भावाच्या गोदामात नेलं. ताडपत्री मामांनी स्वतः बांधली.

पाणी ओसरलं. मला परत जागेवर आणलं, वीज जोडली. पण पडद्यावर लाल अक्षरं आली आणि माझं अंग हलेना. कुलूप लागलं होतं.

ताईंनी लगेच कंपनीला सगळं खरं सांगितलं. उत्तर आलं, की माणूस येऊन बघेल, मग जपानहून परवानगी येईल, तोवर थांबा. आठवडे गेले. पंख्यांचं काम दुसरीकडे गेलं. हाताखालची दोन पोरं नोकरी सोडून गेली. तरी मामा रोज येऊन मला पुसत. फडक्याला चुरा मात्र लागत नसे. मला त्या कुलपाचा फार राग यायचा.

अशात एक दलाल आला. कपडे झकपक, बोलणं गोड. "कुलपाची काळजी सोडा. उघडणारा माणूस आहे माझ्याकडे. यंत्र मला विका, तुम्ही म्हणाल ती किंमत देतो. माल परदेशी जाईल."

"कुठल्या देशात? काय बनवणार तिथं?" ताईंनी विचारलं.

"ते तुम्हाला कशाला पाहिजे?"

ताई मामांकडे बघू लागल्या. मामा हळूच म्हणाले, "इकूया की, ताई. किती दिस असं बसून काढायचं?"

ताईंनी माझ्या दारावर हात ठेवला. "मामा, ह्याच्यातनं काय निघणार, हे जो सांगत नाही, त्याच्या हातात तुम्ही ह्याला सोडाल?"

मामा कारखान्याच्या दाराशी गेले आणि दलालासाठी दार पुरतं उघडून धरलं. "या आता, पावणं."

पुढे काय होईल, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. नंतर एके दिवशी कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून पूर्णिमा नावाची इंजिनिअर आली. तिनं भिंतीवरची पुराची खूण पाहिली, गडमुडशिंगीचं गोदाम पाहिलं, सारखे प्रश्न विचारले. शेवटी मामा बोललेच, "आमच्यावर इश्वास न्हाय व्हय, बाई?"

"मामा, हेच प्रश्न आम्ही सगळ्यांना विचारतो," ती शांतपणे म्हणाली. "तुम्हाला वगळलं, तर उद्या खोटं बोलणाऱ्यालाही वगळावं लागेल."

मामांनी थोडा विचार केला. "हे बाकी खरं हाय," म्हणाले आणि तिच्यासाठी चहा सांगितला.

दोन दिवसांनी परवानगी आली. मी घरघरलो, हललो. पहिला पंखा उतरला तेव्हा तो गरम होता, तरी मामांनी तो फडक्यात धरून छातीशी घेतला. गेलेलं काम सगळं परत आलं नाही. पण आम्ही चाललो.

मित्रांनो, यंत्राला तेल घाला, पुसा, जपा. पण ते कुणाच्या हाती जातंय, तेही बघा. समोर येईल तो धातू मी कापतो. मला ‘नाही’ म्हणता येत नाही. ते माझ्यासाठी तुम्हालाच म्हणावं लागतं.