अक्कांची पानं

तब्बल बावीस वर्षं ती शेजारीण होती. नाटकात शेजारीण, सिनेमात शेजारीण, मालिकांचं तर विचारूच नका. दार वाजवायचं, काहीतरी उसनं मागायचं, घरात काडी टाकायची आणि निघून जायचं. कधीमधी नर्स व्हायची, कधी मावशी, पण नाव पडलं ते शेजारीणच. पुढे ती लिहायला लागली, तिच्या मालिका घराघरांत पोचल्या, तरी सेटवरचे लोक विचारायचे, "शेजारीणबाईंचे सीन आले का?"

तिला लिहायला लावलं अक्कांनी. अक्का म्हणजे रंगभूमीवर मुरलेली नटी, हिच्याहून पंधरा वर्षांनी मोठी. आपल्या वाट्याची टुकार वाक्यं शेजारीण पानाच्या मागे गुपचूप सुधारून घ्यायची. ते अक्कांनी एकदा पाहिलं आणि तिला हाताला धरून दिग्दर्शकापुढे उभं केलं. "आज ना उद्या ही तुमच्या लेखकाला खाणारच आहे, मग आत्ताच का नाही घेत?" दिग्दर्शक हसला. महिन्याभरात लेखक पळाला, तेव्हा मात्र त्याला हीच आठवली. म्हणून स्वतःची मालिका मिळाल्यावर तिनं त्यातली आजी अक्कांसाठी लिहिली. खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं, असं ती तेव्हा सगळ्यांना सांगत सुटली होती.

अक्कांची एक पद्धत होती. पान हातात आलं की त्या ते आपल्या अक्षरात वहीत उतरवून घ्यायच्या. मग दिवसभर भांडी घासताना, कपडे वाळत घालताना तेच घोकायच्या आणि दुसऱ्या दिवशी वही घरी ठेवून सेटवर यायच्या. एवढा एक दिवस मिळाला, की चार पानी भाषण एका दमात. नाही मिळाला, तर त्यांची पार दाणादाण उडायची. हे शेजारणीइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. एके काळी दोघी एकाच आरशापुढे तयार होत असत.

आणि हे ठाऊक असूनही शेजारीणबाईंनी दुसरी मालिका घेतली. एक सांभाळतानाच नाकी नऊ येत होते, पण आयुष्यभर दारातून परत गेलेल्या बाईला कुणी आत बोलावलं, तर ती नाही म्हणेल होय? आता दोन्हीकडची पानं रोज हवीत. नायिकेचे सीन आधी, कारण ती रुसली की शूटिंग बंद. मग नायक. मग खलनायिका. अक्का कधी रागवत नाहीत, म्हणून अक्का शेवटी. त्यांची पानं सकाळी, त्या मेकअपच्या खुर्चीत बसल्यावर यायला लागली.

अक्का अडखळायला लागल्या. तरुण पोरं कॅमेऱ्यामागून कुणी वाक्य पुरवलं की पोपटासारखी बोलून मोकळी व्हायची. अक्कांना ते जमेना. एके दिवशी साध्या सहा ओळींना अकरा टेक झाले. त्याच आठवड्यात निर्मात्याच्या ऑफिसात बैठक बसली.

"वय झालं हो अक्कांचं," दिग्दर्शक म्हणाला. "डोक्यात काही राहतच नाही. बदला त्यांना."

शेजारणीनं एवढंच म्हणायचं होतं, की त्यांची पानं माझ्याकडून उशिरा जातात. एका वाक्याचं काम. पण पुढचा प्रश्न तिला लख्ख दिसत होता: दोन झेपत नसतील, तर एक सोडता का? ती मूग गिळून बसली. नुसती गप्प बसती तरी एक वेळ चाललं असतं. पण नाही!

"काढू नका हो," ती म्हणाली. "अर्धांगवायूचा झटका देऊ. वाचाच जाईल. पलंगावर बसून नुसत्या डोळ्यांनी बोलतील. लोक रडतात की नाही बघा."

लोक रडले. निर्माता खूश झाला. अक्कांचा फोन आला, "पोटाला लावलंस गं मला. दुसरी असती तर जिन्यावरून ढकलून मारलं असतं." शेजारीण हसली आणि तिनं फोन ठेवला. चोर तो चोर, वर आशीर्वादही घेतले.

पाच महिने अक्का पलंगावर बसल्या. तेवढ्यात सगळीकडे बोभाटा झाला, की अक्कांना आठवत नाही आता. ज्या नाटकवाल्यांनी एकेकाळी त्यांच्या दाराशी चपला झिजवल्या, त्यांनी विचारायचंच सोडलं. हे कानावर आलं तेव्हा शेजारणीला अन्न गोड लागेना. तिनं दुसरी मालिका सोडली आणि आजीची वाचा परत येते तो सीन लिहिला. तीन पानं, अक्कांच्या श्वासाला बेतलेली. शूटिंगला आठ दिवस असताना ती स्वतः पानं घेऊन अक्कांकडे गेली.

स्वयंपाकघरात जिकडेतिकडे चिठ्ठ्या होत्या. डब्यांवर 'साखर', 'मीठ'. शेगडीवर 'बंद केली का?' दारावर 'किल्ली'.

"हे काय, अक्का?"

"अगं, विसरायला होतं ना मला."

"काय विसरलात?"

"अजून काही नाही. पण आपली आधीपासून सवय."

शेजारीण खुर्चीत बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. "तुम्ही काही विसरत नाही हो. मी दोन मालिका घेतल्या होत्या, तुमचे सीन सगळ्यांत शेवटी लिहायची. पानं सकाळी यायची ती माझ्यामुळे. बैठकीत मला ठाऊक होतं, तरी मी बोलले नाही. उलट तुमची वाचा मीच घालवली."

अक्कांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "किती माया गं तुझी. माझ्यासाठी केवढा आळ घेतेस स्वतःवर."

"आळ नाही, खरं आहे!"

पटेना, तेव्हा शेजारणीनं दोघींच्या जुन्या नाटकातलं आपलं वाक्य टाकलं. अक्कांनी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि त्यावरचं अख्खं भाषण म्हटलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"बघा! बघा, अक्का!"

"जुनं राहतं गं. नवंच राहत नाही. असंच असतं म्हणतात हे." त्यांनी पानं न बघताच परत सरकवली. "हे दुसरीला दे. सगळ्यांसमोर अकरा वेळा चुकले ना, त्या दिवशी मेले मी. पुन्हा नको. पलंगावर बरी आहे."

त्यांनी चहा टाकला. डब्यावरची चिठ्ठी न वाचताच साखर घातली. कप तिच्यापुढे ठेवून त्या जवळ बसल्या.

"आणि ऐक. माझ्यापाशी बोललीस ते बोललीस, बाहेर कुठे बोलू नकोस असलं. लोक खरं धरून चालतील. तुझं नाव जाईल, काम जाईल. शपथ आहे माझी."

"नाही बोलणार," शेजारीण म्हणाली.

आणि हे म्हणताना तिला जे वाटलं, त्याची लाज तिला पुढे जन्मभर पुरली. तिला हायसं वाटलं.