चौथी गाडी

बाईंनी फाईल उघडलीच नाही. वरचे नाव वाचले आणि ती तशीच शेजारच्या टेबलावर सरकवली.

"ही तू बघ."

"मी?" धाकट्या तपासनिसाने हातातला कप खाली ठेवला. "का हो मॅडम?"

"माझ्या मुलाच्या गाड्या आहेत."

"अरे वा! मग डोळे मिटून शिक्का मारतो."

"उघडे ठेव. रोजच्यापेक्षा जास्त. आणि मी या खोलीत नाही असं समज."

त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली आणि खालचा खण ओढून जुनी पाकिटे निवडायला घेतली.

कारखान्याचा माल वाहण्याचे वर्षभराचे कंत्राट मागणाऱ्या प्रत्येक कंपनीची कागदपत्रे या खोलीतून जात. गाड्यांची नोंदणी, विमा, फिटनेस सर्टिफिकेट, चालकांचे परवाने, झालेले अपघात. बाईंच्या नजरेतून काही सुटत नसे. बाहेरच्या बाकावर बसणारे गाडीमालक पाठीमागे त्यांना 'चाळणी' म्हणत. हे त्यांना ठाऊक होते, आणि बहुधा आवडतही असावे.

मुलाच्या धंद्याचा कारभार बघणारी सून आत आली. दाराशी क्षणभर थबकली.

"बसा वहिनी," तपासनीस म्हणाला.

"मॅडम नाहीत का?"

"आहेत. पण नाहीत."

सुनेला खिडकीशी पाठमोरा अंबाडा दिसला. ती हसू दाबत बसली.

तपासनीस एकेक कागद उलटू लागला. पहिली गाडी ठीक. दुसरीचा विमा मागच्या पानावर सापडला. तिसरीच्या चालकाच्या परवान्यावरचा फोटो पाहून तो म्हणाला, "हा माणूस हसतो का कधी?"

"पगाराच्या दिवशी हसतो," सून म्हणाली.

बाईंच्या हातातले पाकीट तिसऱ्यांदा त्याच गठ्ठ्यात गेले होते. कंत्राटाला निदान चार गाड्या लागत. मुलाने चौथी जुनी गाडी घेतली होती ती एवढ्याचसाठी. आजवर तो मिळेल तो माल उचलत, अनोळखी गोदामांच्या फाटकांसमोर ताटकळत, अर्धा महिना घराबाहेर काढत होता. हे काम मिळाले तर संध्याकाळी घरी जेवायला येणार होता. एखादी फाईल पास व्हावी असे बाईंना इतक्या वर्षांत कधी वाटले नव्हते. आज वाटत होते, आणि त्याचा त्यांना रागही येत होता.

"चौथी," तपासनीस म्हणाला. "फिटनेस अगदी ताजं. झकास." शिक्क्याच्या डबीचे झाकण वाजले. "इथे एक सही करा, की झालं."

सुनेने पेन घेतले. पण ती लिहीना.

"साहेब, चौथी धरू नका."

"म्हणजे? कागद चोख आहेत."

"कागद चोखच आहेत. गाडी नाही." तिने पेन टोपण लावून ठेवले. "सकाळी खेप करून आली. मी चाकांना हात लावून बघते नेहमी. बाकीची कोमट होती, डावीकडचं मागचं चटका बसावा एवढं तापलेलं. ब्रेक धरून राहतोय."

"मग दुरुस्त करून घ्या की. काम पुढच्या महिन्यात सुरू होतंय."

"घेणारच आहे. पण इथे लिहिलंय, सर्व गाड्या आज रस्त्यावर धावण्यायोग्य आहेत. खाली सही माझी. आज ती गाडी तशी नाही."

"अहो वहिनी, त्या ओळीवर सगळेच सही करतात."

"करत असतील."

"चार गाड्या नसल्या तर मला अख्खी फाईलच बाद करावी लागेल. कळतंय ना? वर्ष जाईल. तुमच्या यजमानांना विचारलंत?"

"ते रस्त्यावर आहेत. आणि विचारलं असतं तर 'कर सही' म्हणाले असते. म्हणून नाही विचारलं."

बाहेर बाकावर जाड फाईल मांडीवर घेऊन बसलेला एक गाडीमालक आत डोकावून पाहू लागला. दार उघडेच होते.

"मॅडम," तपासनिसाने खिडकीकडे मान वळवली. "काय करू हो?"

"मी इथे नाही," बाई म्हणाल्या. खण अर्धा उघडा तसाच राहिला होता.

तपासनिसाने थोडा वेळ कपाळ चोळले. मग शिक्क्याची डबी बंद केली, फाईलवर एक शब्द लिहिला आणि खाली तारीख घातली.

सून उठून खिडकीपाशी आली.

"आई, रागावलात?"

"तू इथे उभी काय? त्या गॅरेजवाल्याला गाठ आधी. चाक उघडल्याशिवाय कळायचं नाही, नुसता ब्रेक आहे की ड्रमला तडा गेलाय."

"सांगून आलेय त्याला." ती घुटमळली. "ह्यांना मात्र..."

"मी सांगू?"

"नको. गाडी मी थांबवली, मीच सांगते."

"ओरडेल तो."

"ओरडू दे. ओरडून झालं की चाक उघडायला तेच बसतील."

ती गेली. बाईंनी खण ढकलून लावला. पुन्हा ओढला. आत काय शोधायचे होते ते त्यांना आठवले नसावे.

"पुढचे!" तपासनिसाने हाक मारली.

कोणी आले नाही. बाकावर ती जाड फाईल नुसतीच पडली होती.

"हा कुठे गेला?"

बाईंनी खिडकीतून बोट दाखवले. खाली आवारात तो मालक पँट सावरत आपल्या ट्रकच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसला होता. पंजा पुढे करत होता, मागे घेत होता. त्याचा ड्रायव्हर दोन्ही हात कमरेवर ठेवून बघत होता.

"बोलावू का त्याला?"

"होऊ दे त्याचं. सगळी चाकं बघू दे."

बऱ्याच वेळाने तो धापा टाकत वर आला. हाताला काळे लागले होते. काय आढळले ते त्याने सांगितले नाही, आणि कोणी विचारलेही नाही. फाईल टेबलावर ठेवताना तो हळूच म्हणाला,

"मॅडम, मघाशी त्या बाई होत्या, त्या तुमच्या खात्यातल्या का? तपासनीस?"

"छे," बाई म्हणाल्या. "ट्रकवाली आहे."

मग चष्मा काढून पदराने पुसत, बाहेरच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या,

"माझी सून. आत्ताच बाद होऊन गेली."