सी, डी आणि अण्णा

वसुंधरा टिल्लूने कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग पाडले, तेव्हा घराचेही पडले. फरशीतून एक भिंत वर आली, मध्ये दारापुरती जागा सोडून छताला टेकली. पुढची खोली सी, मागची डी. वसुंधरा मिरजेत घरातच कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका तयार करून द्यायची, त्यामुळे तिला कुणी काही समजावायला नको होतं. यंत्र चालवणारं सगळं सीमध्ये, आपलं जपून ठेवायचं ते डीमध्ये. सी बिघडलं की ते पुसून कोरं करायचं. यालाच फॉरमॅट मारणं म्हणतात.

सी बिघडलंच होतं. पुढचा पंखा उलटा फिरत होता आणि कॅलेंडरावर आठवडाभर मंगळवारच होता. दाराच्या चौकटीवर अक्षरं उमटली: फॉरमॅट बारा वाजता. अकरा वाजून गेले होते.

"अण्णा, उठा. मागं चला."

तिचे वडील आरामखुर्चीत पेपर वाचत होते. "इथं उजेड आहे."

"ही खोली पुसणार आहेत."

"पुसू दे की. धूळ फार झालीय."

म्हातारा ऐकेल तर शपथ. तिने आधी सामान हलवलं. आईचा फोटो इकडून उचलला की तिकडे खिळ्यावर दिसे. शिवणयंत्र गेलं, देव गेले, पापडाचे डबे गेले. कामात ती कधी चुकत नसे. उलट पेनड्राइव्हवर नुसता शॉर्टकट घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांची ती थट्टा करायची. "अहो काका, कोपऱ्यात हा वाकडा बाण दिसतोय ना? हे नुसतं बोट दाखवणं झालं. पत्रिका घरीच राहिली तुमची."

बाराला दोन मिनिटं असताना तिने अण्णांना खुर्चीसकट धरलं आणि मागे न बघता ओढलं. खुर्ची रिकाम्या सुपासारखी हलकी आली. भीतीने अंगात बळ येतं, असं तिला वाटलं.

तिने दार लावलं. दारावर अक्षरं आली: आत काही राहिलं नाही ना?

"नाही."

नक्की?

"हो," वसुंधरा म्हणाली, आणि तिला इतकं सुटल्यासारखं वाटलं की रडू फुटलं. दारावर हिरवी पट्टी सरकू लागली.

तिने चहा केला. पट्टी साठ टक्क्यांवर होती. अण्णा पेपरचं पान उलटत नव्हते.

"अण्णा, चहा घ्या."

अण्णांनी दाराकडे बोट केलं. "तिकडं ठेव."

"तिकडं आता काही नाही."

"तिकडं ठेव," ते तसंच म्हणाले.

कप खाली ठेवायला ती वाकली. खुर्चीच्या डाव्या पायाशी, अगदी कोपऱ्यात, पांढऱ्या चौकोनात एक छोटा वाकडा बाण होता.

दारापलीकडे पेपरचं पान उलटलं.

तिने कडीवर दोन्ही हातांनी जोर लावला. फॉरमॅट चालू असताना सी उघडत नाही, हे तिनेच कितीजणांना सांगितलं होतं.

"वसू," आतून अण्णा म्हणाले, "उजेड गेला गं."

पट्टी अठ्ठ्याण्णववर आली. खुर्चीतल्या अण्णांचे डोळे पुसट झाले, मग नाक. चेहरा कोऱ्या कागदासारखा पांढरा होत चालला. बोट दाराकडेच होतं.