बिघडलेला कुकर आणि तापीचे झिंगे

मी कुकर बोलतोय. शिट्टीवाला नव्हे. त्या जमातीशी माझं काही नातं नाही. ते तीन शिट्ट्यांत घर डोक्यावर घेतात आणि सगळे त्यांचं कौतुक करतात. मी विजेवर चालतो, आवाज करत नाही आणि मला वेळ लागतो. सकाळी भरलं तर संध्याकाळी देतो. एवढी साधी गोष्ट भडगावच्या एका घराला कळायला वर्षं लागली. घरातल्या मोठ्यांना तर अजून कळलेली नाही.

माझा जन्म कुठल्याशा थंड देशातल्या कारखान्यात झाला. बाहेरून पत्रा, त्यावर नारिंगी फुलं, आत चिनी मातीचं जाड भांडं, वर काचेचं झाकण. पोटावर एकच बटण: बंद, मंद, जास्त. तिथून मी जहाजानं कुवेतला आलो. भडगावचा जीवराम तिथे वेल्डिंग करायचा. १९८० साली सुटीवर येताना त्यानं काकासाठी मला उचललं.

माझ्या खोक्यावर एक रंगीत चित्र होतं. मोठ्या परातीत लालभडक खेकडे, झिंगे, मक्याच्या कणसांचे तुकडे आणि बटाटे, सगळं एकत्र उकडलेलं, वाफा निघतायत. मी कशासाठी जन्मलो ते त्या चित्रात स्पष्ट होतं. माझं दुर्दैव असं, की तो काका म्हणजे शालिग्राम आबा, आणि मी गेलो त्याच्या घरी.

आबाच्या गळ्यात माळ. घरात मांस-मच्छी बंद. बायका सांगायच्या, पन्नाशीपर्यंत या माणसानं गिरणा नदीतलं पोहणारं काही सोडलं नव्हतं. दाढा पडायला लागल्या तेव्हा माळ घातली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या घराचं खाणं बंद केलं. बायकोला विचारलं का? बायकोला विचारायची पद्धत त्या घरात नव्हती.

आबानं माझं चित्र पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "किडा शिजाडानं मशीन शे हाई." त्याच्या अहिराणीत म्हणजे, किडे शिजवायचं मशीन आहे हे. पण वस्तू कुवेतची. फेकवेना. मग मी बैठकीतल्या शोकेसमध्ये गेलो, प्लास्टिकच्या कव्हरसकट. खोकं गेलं कपाटावर, चित्राची बाजू भिंतीकडे करून. येणाऱ्याजाणाऱ्याला आबा बोट दाखवून सांगायचा, "कुवेतनं शे." दसऱ्याला मला हळदकुंकू लागायचं, झेंडूचं फूल मिळायचं. वर्षानुवर्षं पूजा झाली माझी. पोटात कोणी मीठ घातलं नाही.

पण त्या घरात ताईबाई होती. आबाची बायको. तिचं माहेर शिरपूरकडे, तापीच्या काठावर. लहानपणी ती भावांबरोबर दगडाखालून खेकडे काढायची. दर आठवड्याला झाडू मारताना ती स्टुलावर चढायची, कपाटावरचं खोकं वळवायची, ते चित्र बघायची. मग पुसल्यासारखं करून परत भिंतीकडे वळवायची. शोकेसच्या काचेतून मला सगळं दिसायचं.

एकदा तिच्या धाकट्या पोरानं तिला पकडलं. लोटन नाव त्याचं. धुळ्याला कॉलेजात होता, सुटीला आलेला.

"काय दखी राहयनी वं माय?"

"काही नही रे. धूळ."

"धूळना रंग लाल शे का?"

ताईबाई हसली आणि मग एकदम तोंड फिरवून उभी राहिली. लोटनला समजलं. म्हणाला, "एक दिवस तुले हाई खावाडसू. पोटभर."

"गप. तुना बाप आयकी."

आता माझी बेइज्जती कशी झाली ते ऐका.

मोठा मुलगा धनसिंग, त्याच्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे आले. आबाला रुबाब दाखवायचा होता. त्यानं हुकूम सोडला, "चहा कुवेतना मशीनमा करा."

चहा! माझ्यात!

माझ्या प्लगचे चौकोनी पाय भिंतीतल्या गोल भोकांत जाईनात. गावातला वायरमन धावत आणला, प्लग बदलला. दूध, साखर, पत्ती सगळं ओतलं आणि बटण फिरवलं. मला पहिल्यांदाच वीज लागली होती. मी जीव तोडून तापत होतो. पण मी तापतो हळूहळू, तसाच बनवलाय मला. आणि आबा? दर पाच मिनिटांनी झाकण उचलून बघायचा. झाकण उचललं की पोटात जमवलेली सगळी ऊब भसकन बाहेर. परत पहिल्यापासून. तासाभरानं दूध अंगाला लावण्याइतकं कोमट झालं. पाहुणे पाणी पिऊन उठले. त्यातला एक दारातून म्हणाला, "चहा काय, लगनमाच पिसूत आते." सगळे हसले. लग्न जमलं, पण आबाचं नाक कापलं गेलं, आणि ते मी कापलं असं ठरलं.

"बिघाडेल शे," आबा म्हणाला. झालं. त्या घरात आबानं म्हटलं की संपलं.

त्याच महिन्यात लोटन कॉलेज सोडून आला. दुसऱ्या वर्षाला होता. त्याचं म्हणणं साधं होतं: सर जे वाचून दाखवतात ते पुस्तकात छापलेलं आहे, मला मोटर बांधायला शिकायचंय. आबानं बैठकीत सगळ्यांसमोर त्याला उभं केलं.

"धनसिंगनी वावर सांभाळं. जीवराम कुवेत गया. आनि तू? तू त्या डबडासारखा. कितला बी तापाडा, तापत नही."

लोटननं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे.

"मंग तो डबडा माले दी द्या."

"ली जा. दोन्ही बिघाडेल शेतस. दोन्ही जा."

बापानं पोराला घरातून काढताना दिलेली ही एकमेव वस्तू. ताईबाईनं मला खोक्यात भरलं, सुतळीनं बांधलं. बांधताना तिनं चित्राची बाजू वर ठेवली.

धुळ्याला देवपुरात आम्ही एका खोलीत राहायला लागलो. शेजारी घरमालकीण भिकुबाई, तोंडाची फटकळ, मनाची बरी. लोटन आग्रा रोडवरच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जळालेल्या मोटरींना नवी तार गुंडाळायला जायचा. पहिल्याच रविवारी त्यानं मला उलटा केला, स्क्रू काढले, तारा तपासल्या. "साबूत शे," तो स्वतःशीच म्हणाला. "मंग बिघाडेल काय शे?" पोटात पाणी आणि चार बटाटे टाकून त्यानं मला सुरू केलं आणि बघत बसला. तेवढ्यात दुकानातून बोलावणं आलं. एक ट्रकवाला खोळंबला होता. लोटन तसाच पळाला, मला विसरून.

मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी एकटं सोडलं होतं. झाकण उचलणारं कोणी नाही. मी माझ्या वेगानं तापत गेलो.

दिवेलागणीला तो परत आला. झाकण उचललं. बटाटे असे शिजलेले की चमचा लागताच फुटले. लोटन खाली बसला आणि खदाखदा हसायला लागला. भिकुबाई डोकावली, "येडा व्हयना का रे?"

"मावशी, हाऊ बिघाडेल नहीच! याले फक्त येळ लागस!"

तो माझ्याबद्दल बोलत होता. निदान मी तरी तसं धरून चाललो.

मग त्याच्या डोक्यात ते चित्र शिरलं. आईला दिलेला शब्द होता. पहिल्या खेपेला त्यानं सकाळीच सगळं एकत्र टाकलं: बटाटे, कणसं, झिंगे, मसाला, आणि दुकानात गेला. संध्याकाळी भिकुबाईनं एक झिंगा चावून बघितला. बराच वेळ चावत राहिली.

"लोटन, हाऊ झिंगा शे का सायकलनी ट्यूब?"

उरलेले मांजरीला घातले. मांजरीनंही दोन चावून सोडून दिले.

पण पोरगं हट्टी. रविवारमागून रविवार आम्ही दोघं शिकलो. बटाटे, कांदे, अख्खा लसूण, काळा मसाला आणि मीठ सकाळी घालायचं, हे दिवसभर मुरू द्यायचं. दुपारनंतर कणसांचे तुकडे. बटण 'जास्त'वर नेऊन खेकडे. आणि झिंगे अगदी शेवटी; ते लाल होऊन वाकले की लगेच काढायचे. वीज गेली तर? बोंबलायचं नाही, झाकणाला हात लावायचा नाही. माझ्या मातीत ऊब टिकते. कॉलेजात जो दहा मिनिटं बाकावर बसत नव्हता, तो माझ्यापाशी गप बसायला शिकला.

आणि १९९० साली, दसऱ्यानंतर, आबाचा मोतीबिंदू काढायचं ठरलं. धुळ्याच्या दवाखान्यात. आबा तिथे खाटेवर, उशाशी धनसिंग, आणि ताईबाईची मुक्कामाची सोय लोटनच्या खोलीत. इलाजच नव्हता. धुळ्यात त्यांचं दुसरं कोणी नव्हतं. घरातून काढलेल्या पोराच्या स्टोव्हवर आबाची खिचडी शिजायला लागली. ताईबाई डबा भरून दवाखान्यात जायची.

तिनं खोलीत आल्या आल्या मला बघितलं. पदराच्या टोकानं माझं झाकण पुसलं.

रविवारी लोटन पहिल्या एसटीनं शिरपूरला गेला. तापीवरून खेकडे आणि झिंगे ओल्या गोणपाटात बांधून आणले. आल्यावर सांगत होता, वाटेत कंडक्टरनं विचारलं, "थैली हाली राहयनी, काय शे रे?" यानं सांगितलं, "पाहुणा शे. मायकडे चालना."

ताईबाईनं गोणपाट उघडलं आणि मागे सरकली.

"नको रे लोटन. त्यास्ले कळनं तं?"

"आबा दवाखानामा शे. डोळावर पट्टी शे."

"पट्टी डोळावर शे. नाकवर नही."

पण हात तोवर पुढे गेले होते. एक खेकडा पळाला, खाटेखाली शिरला. साठीकडे झुकलेली ती बाई ओणवी होऊन सरळ खाटेखाली गेली आणि नांगी न लागू देता, मागून बरोबर पकडून त्याला बाहेर घेऊन आली. कपाळावर जळमट, तोंडभर हसू. भडगावच्या शोकेसमधून मी तिला इतकी वर्षं बघितली होती. असं हसताना फक्त एकदा बघितलं होतं, तेही अर्धं.

सकाळपासून शिजत असलेल्या रश्शात खेकडे पडले, मग झिंगे. मला तर वाटलं, आज माझं चित्र खरं झालं.

लोटननं परातीत सगळं ओतलं. ताईबाई मांडी घालून बसली. पहिली नांगी तिनं दातांनी फोडली, आतलं ओढून घेतलं, डोळे मिटले. मग तिनं भराभर खायला सुरुवात केली.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली.

डॉक्टरांनी आबाला उद्या सोडायचं ते आजच सोडलं होतं. धनसिंगनं हाताला धरून त्याला उतरवलं. एका डोळ्यावर हिरवं फडकं. उंबऱ्यातच आबा थबकला. नाकपुड्या हलल्या.

"काय वास शे हाऊ?"

लोटन उठून उभा राहिला. ताईबाई उठली नाही. माझं झाकण अर्धं उघडं होतं, मला बंद व्हावंसं वाटलं.

"काय खाई राहयनी तू?" आबानं एक डोळा तिच्यावर रोखला.

"खेकडा."

"खेकडा! आपला घरमा माळ शे, आनि तू..."

"हाई लोटननं घर शे," ताईबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आनि माळ तुमना गळामा शे. मना गळामा नही."

"तू बी सोडं व्हतं ना?"

"मी नही सोडं. तुम्ही सोडं, तवय मी गप बसनू."

मी ज्या घरात वर्षं काढली, तिथे त्या माणसासमोर कोणी बाईनं अख्खं वाक्य पुरं केलेलं मी ऐकलं नव्हतं. आबानं धनसिंगकडे बघितलं. धनसिंग परातीकडे बघत होता.

"भाऊ," लोटन म्हणाला, "लाळ पुसा."

ताईबाईनं दुसरी नांगी उचलली. फोडली. खोलीत तेवढाच आवाज झाला. कट्.

मग आबा म्हणाला, "आनि माले काय शे?"

"खिचडी. स्टोव्हवर शे. गरम शे."

आबानं खिचडी घेतली आणि बाहेर ओट्यावर, आमच्याकडे पाठ करून खाल्ली. सगळी खाल्ली. धनसिंगनं आत दोन झिंगे बापाच्या पाठीमागे उभ्यानं गिळले. एवढा थोरला माणूस, दोन पोरांचा बाप!

आबा त्या दिवशी सुधारला असं मी सांगणार नाही. खोटं कशाला बोलू? लोटनची त्यानं कधी माफी मागितली नाही, माझी तर नाहीच. पण ताईबाई त्यानंतर थांबली नाही. वर्षातून दोनतीनदा ती भडगावहून एसटीनं येते. पिशवीत घरचा मसाला असतो.

आज १९९६ आहे. लोटनचं स्वतःचं रिवाइंडिंगचं दुकान आहे. माझ्या झाकणाची मूठ केव्हाच तुटली. तिथे लोटननं दोऱ्याचं रिकामं रीळ बसवलंय. फुलांचा रंग गेला. भांड्याला एक केसासारखी चीर आहे, ती माझ्याइतकीच हट्टी आहे, वाढत नाही. दसऱ्याला मला आता कोणी हळदकुंकू लावत नाही. बरंय. माझ्या पोटात मीठमसाला असतो.

तुमच्या घरी शोकेसमध्ये कव्हर घालून काही ठेवलेलं असेल, तर बाहेर काढा. वापरा. फुटलं तर फुटू द्या. आणि कोणी लवकर तापत नसेल तर दर पाच मिनिटांनी झाकण उचलून "बिघाडेल शे" म्हणू नका. आधी हात बाजूला घ्या.

ताईबाई आजच आलीय. बटाटे सकाळीच मुरायला टाकलेत. या खेपेला तिच्याबरोबर आबाही आलाय, बाहेर ओट्यावर बसलाय, आत यायचा नाही म्हणतो. पण मघाशी दारातून ओरडून विचारलं त्यानं, "शिजनं का वं तुनं?"

पुरे आता. झिंगे नुकतेच पडलेत माझ्यात. कोणी झाकणाला हात लावू नका.